सल्ला हवा: पायथनमधून सुरू केलेली प्रोसेस रात्री अडकायलीय

सोयाबीन_कोडर, लातूर
मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी हिशोबपट्ट्यांच्या पीडीएफ करणारी स्क्रिप्ट लिहिलीय. उबुंटूवर सबप्रोसेसनं (पायथनमधून दुसरा प्रोग्रॅम चालवायचं मॉड्यूल) लिब्रेऑफिस चालवतो, दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या एकाच कमांडमध्ये. हातानं चालवली की नीट. रात्री क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) लावली की ‘फाइलनॉटफाउंडएरर’. ट्राय-एक्सेप्टमध्ये पास टाकून, म्हणजे एरर गिळून, बघितलं, तर सकाळी पट्ट्याच नाहीत. शेतकरी ताटकळत बसतात, ते बघवत नाही.

नांदेडकर_लिनक्स
आधी ते पास काढ, भाऊ. दोष दाखवणारी एकमेव खूण तूच पुसतोयस. इथं पट्टी नाही, प्रोग्रॅमच सापडत नसेल. क्रॉनचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, तुझ्या टर्मिनलपेक्षा फार तोकडा असतो. लिब्रेऑफिसचा पूर्ण पत्ता दे. आणि एररच्या शेवटी कोणतं नाव छापलंय ते वाच, कारण सीडब्ल्यूडीला (प्रोग्रॅम कुठं चालवायचा ती जागा) दिलेलं फोल्डर नसलं तरी हाच एरर येतो.

सोयाबीन_कोडर
पत्ताच होता दादा, ते मिटलं. पण आवक जास्त असली की स्क्रिप्ट जागची हलत नाही. पॉपेनला (सबप्रोसेसमधला प्रोग्रॅम सुरू करणारा भाग) आउटपुटसाठी पाइप दिलाय, मग वेट, म्हणजे तो संपेपर्यंत थांबणं.

परभणी_बॅकएंड
“आवक जास्त असली की” यातच उत्तर आहे! लिनक्सवर पाइपमध्ये साधारण 64 केबी मावतं. लिब्रेऑफिस दर फाइलमागे एक ओळ छापतं. पाचसहाशे पट्ट्या झाल्या की पाइप भरतो, ते लिहिता लिहिता थांबतं, आणि तू ते संपायची वाट बघत बसतोस. पुढचं दारं मोडलं नाही तर पाटात पाणी तुंबणारच. वेट काढ, कम्युनिकेट वापर, ते पाइप रिकामा करत करतच वाट बघतं.

सोयाबीन_कोडर
चाललं! पण काल टाइमआउट आला (दिलेली वेळ संपली), प्रोसेस किल केली, आणि त्यानंतरच्या एकाही पट्टीची पीडीएफ नाही. एररही नाही.

नांदेडकर_लिनक्स
‘एसऑफिस’ ही नुसती सुरू करून देणारी स्क्रिप्ट आहे. तू तिला मारलंस, खरी ‘एसऑफिस डॉट बिन’ मागं जिवंत राहिली आणि प्रोफाइल (लिब्रेऑफिसचं सेटिंगचं फोल्डर) धरून बसली, म्हणून पुढच्या पट्ट्या अडल्या. पॉपेनला ‘स्टार्ट न्यू सेशन’ ट्रू दे, म्हणजे तिच्यासकट तिनं सुरू केलेल्या प्रोसेसांचा वेगळा गट होतो, टाइमआउटला ‘किलपीजी’नं अख्खा गट बंद कर, मग पुन्हा एकदा कम्युनिकेट, म्हणजे झोंबी (मेलेली पण यादीत राहिलेली प्रोसेस) उरत नाही. दर वेळी वेगळं प्रोफाइल फोल्डरही दे. रिटर्न कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, आला तरी पीडीएफ डिस्कवर आहे का, ते तपासूनच पुढं जा.

सोयाबीन_कोडर
आज रात्री लावतो. पट्ट्या पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यानं देतो, अडकलं तरी तेवढ्याच राहतील. सकाळी मोंढ्यातून कळवतो.