उत्तर: कातरणाची मागची बाजूही बघा

वर धाग्यात कुणीतरी म्हटलंय की चर्चच्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांतली चित्रमय अक्षरं कापून विकणाऱ्यांनीच ती वाचवली, नाहीतर अख्खी पोथी रद्दीत गेली असती. निम्मं पटतं. नेपोलियनच्या काळात इटलीतले मठ बंद पडले आणि त्यांचे ग्रंथ वाऱ्यावर गेले, हे खरंच. पण १८२५ साली आबे चेलोत्ती या इटालियन पाद्री-व्यापाऱ्याने लंडनला ख्रिस्टीजमध्ये लिलावाला काढलेली बरीचशी चित्रं सिस्टीन चॅपेलच्या, म्हणजे व्हॅटिकनमधल्या पोपच्या प्रार्थनामंदिराच्या, ग्रंथांतून कापलेली होती. एका पानाचं चित्र आणि दुसऱ्याच पानाची वेलबुट्टी जोडून केलेले 'नवे' तुकडे त्यांत होते. याला वाचवणं म्हणायला माझं मन धजत नाही.

धाग्यात अजून कुणी मागच्या बाजूबद्दल बोललेलं नाही. फ्लॉरेन्सला सान मार्को मठाच्या ग्रंथदालनात अखंड कोरस-पोथ्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या गाण्यांच्या पोथ्या, उघडून ठेवल्यात. एका पोथीवरून सगळ्या वृंदाने लांबून बघून गायचं, म्हणून पानं प्रचंड मोठी. चार रेघा, त्यावर चौकोनी स्वर, खाली ठसठशीत अक्षरं. चित्राचं अक्षर कापलं की पाठच्या पानावरचं गाणंही मधूनच तुटतं. पण तोच तुटका तुकडा अभ्यासकांच्या कामी येतो. पुढच्या बाजूला पुनरुत्थित ख्रिस्त असलेलं 'आर' (R) हे अक्षर दिसलं, तर ते बहुधा ईस्टरच्या 'रेसुर्रेक्सी' या प्रवेशगीताचं, म्हणजे प्रार्थनेच्या सुरुवातीच्या गाण्याचं. मागे उरलेले दोन-चार शब्द आणि स्वर त्याच्याशी जुळवले की मूळ पान, कधीकधी मूळ पोथीसुद्धा सापडते. म्हणून जुन्या संग्राहकांनी पुठ्ठ्यावर चिकटवून टाकलेले तुकडे पाहिले की फार हळहळ वाटते.