देवीची राई, शिमगा आणि वणवा: गावानं आधी काय ठरवून ठेवावं?

कणकुंबीवाट

मंडळी, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबी भागातल्या गावासाठी सल्ला हवा आहे. गावाच्या वर देवीची राई, तिला लागून गवताचा माळ, खाली काजूच्या मळ्या. मराठी, कन्नड, मुस्लिम, गवळी अशी सगळी घरं आहेत. वणवा लागला की धावणारे पुष्कळ, पण कुणी कुठं उभं राहायचं हे ठरलेलं नसतं. बैठकीत दोन अडचणी निघाल्या. एक, राईतला पाला हलवायचा नाही असा रिवाज. दुसरी, पाळणुकीच्या वारी कोयता-कुदळ उचलत नाहीत. कुणाचं मन न दुखावता बंदोबस्त कसा करावा?

जाळपट्टा

राईतल्या पाल्याला हात लावायची गरजच नाही. जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळी केलेली पट्टी, राईच्या हद्दीबाहेर, माळाच्या बाजूनं काढा. रुंदी दहा फुटांपेक्षा कमी नको, गवत कमरेएवढं असेल तर पंधरा फूट. गवत कापून थांबू नका. दाताळ्यानं पाला ओढून खालची माती उघडी पडली पाहिजे, कारण बोटभर जाडीच्या पाल्यातूनही आग सरपटत पलीकडे जाते. काढलेला पाला कडेला ढीग करून ठेवणं ही नेहमीची चूक. त्या ढिगातूनच ठिणग्या पट्टा ओलांडतात. तो लांब पसरून टाका.

हे काम दोनदा करावं लागतं. जानेवारीत पट्टा काढला तरी किंजळ आणि नाणा फेब्रुवारी-मार्चमध्ये पान टाकतात, पट्टा पुन्हा भरतो. म्हणून होळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी दुसरी झाडलोट ठेवा. आणि एक, पट्टा जाळून काढायचा नाही. मालकीच्या रानात झाडून-कापून करा, राखीव जंगलात फॉरेस्टरला विचारूनच. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत आग लावणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

राईतली समई, कापूर, उदबत्ती बंद करा असं कुणी म्हणू नये. देवळापुढचं अंगण चारी बाजूंनी दहा-बारा फूट झाडून ठेवा, दिवा दगडी चौथऱ्यावर लावा आणि निघताना विझवायचं काम गुरवाकडेच सोपवा. नवस फेडायला बाहेरगावचे लोक येतात, त्यांना सांगणारं माणूस तिथं हवं.

राईकर

वाराच्या प्रश्नावर. आग लागल्यावर हा वाद काढला तर गाव दोन तुकडे होतं, म्हणून तो आधी मिटवा. पाळणूक कशाची आहे ते नीट बघा: नांगर, पेरणी, कापणी, म्हणजे पोटापाण्याचं काम. राई राखणं ही देवीचीच सेवा आहे. तरीही हे आपण तरुणांनी सांगायचं नाही. पंच आणि गुरव यांनी देवीपुढं गाऱ्हाणं घालून, "वणव्याच्या वेळी हत्यार उचलायला मोकळीक दे" असं सगळ्या गावासमक्ष मागून घ्यावं. यात्रेच्या वर्गणीची बैठक असते तेव्हा सगळी घरं हजर असतात, तीच वेळ धरा. पट्टा काढायचं काम मात्र वार सोडूनच ठेवा, ते अडत नाही.

कर्ण्यावरची सूचना देऊळ आणि मशीद दोन्हीकडून एकच द्या, मराठीत आणि कन्नडमध्ये. तीन गोष्टी पुरेत: आग कुठं, जमायचं कुठं, काय आणायचं. "सगळे धावा" असं म्हटलं की पोरं चप्पल घालून आगीच्या वरच्या अंगाला जाऊन उभी राहतात, आणि तीच सर्वांत वाईट जागा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि सध्या वणव्याच्या हंगामात येतो. रोजा असलेल्यांना भर उन्हात आगीसमोर उभं करू नका. टेहळणी, गाडी, फोन ही कामं तितकीच मोलाची आहेत. गवळी बांधवांना पायवाटा आणि पाणवठे सगळ्यांत जास्त ठाऊक, तेव्हा प्रत्येक टोळीत वाटाड्या त्यांच्यातला असावा.

घाटवारा

आता प्रत्यक्ष आग. ज्वाळा छातीच्या खाली, म्हणजे चार फुटांपर्यंत असतील तरच डहाळ्यांनी झोडपायला जा. त्याहून उंच असल्या तर मागं सरा, रस्ता किंवा ओढा धरून तिथं अडवा. चढावर आग भलती वेगानं पळते: उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. म्हणून आगीच्या डोक्यासमोर, म्हणजे ती ज्या दिशेला पळते तिथं, कधीच उभं राहायचं नाही. जळून गेलेल्या भागाकडून सुरुवात करा आणि दोन्ही कडांनी पुढं सरका. धोका वाटला तर जळालेल्या काळ्या जमिनीवरच यायचं.

टोळी सात-आठ जणांची. चौघं झोडपणारे, मागं दोघं दाताळं घेऊन, एक पाणीवाला, आणि एक जण उंचावर फक्त वारा व ज्वाळा बघणारा. त्यानं आग विझवायची नाही, हे त्याला दोनदा सांगा. शिट्टी ठरवून घ्या: एक लांब म्हणजे थांबा, तीन आखूड म्हणजे मागं फिरा. धुरात ओरडलेलं ऐकू येत नाही.

डहाळी आपटू नका, दाबून ओढा. उंच उचलली की निखारे मागं उडतात. फवारणीचा सोळा लिटरचा पंप औषधाचा वास जाईपर्यंत धुऊन ठेवा. त्याचं पाणी ज्वाळेवर संपवायचं नाही, बुंध्यांवर आणि ओंडक्यांवर मारायचं. अंगात सुती कपडे, पायात बूट. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. काजूच्या मळीत टरफलं साठवलेली असतील तर त्यांच्या धुरापासून लांब राहा, त्यातलं तेल कातडी आणि डोळे जाळतं. उलटा वणवा, म्हणजे येणारी आग अडवायला समोरून मुद्दाम लावलेली आग, वनखात्याच्या माणसांवर सोडा.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की उपग्रहाची आग-सूचना मोबाइलवर येते. दाट झाडीखालची छोटी आग त्यात सुटू शकते, तेव्हा टेकडीवरचा माणूस काढू नका. फोन आधी फॉरेस्टरला, लागला नाही तर 112.

राईकर

एक राहिलं. "कुणी लावली" ही चर्चा त्या दिवशी कर्ण्यावर किंवा ग्रुपवर होऊ देऊ नका. संशय बहुतेक वेळा गवळ्यांवर किंवा बाहेरच्यांवर जातो आणि पुढच्या वेळी तेच हात कमी पडतात. काही पाहिलं असेल तर वनखात्याला लेखी द्या.

कणकुंबीवाट

मोठी मदत झाली. वर्गणीतून दाताळी आणि शिट्ट्या घ्यायचं बैठकीत मांडतो. विझल्यावर किती वेळ थांबायचं?

घाटवारा

निदान एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार, कारण दुपारच्या वाऱ्यानंच राखेखालचा विस्तव उठतो. पट्ट्यापासून पन्नास फूट आतपर्यंतचा प्रत्येक बुंधा बघा. हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब लागते का पाहा, लागली तर खणून पाणी घाला. पोकळ झाडाखाली कुणाला बसू देऊ नका, आतून जळालेलं झाड न वाजता पडतं. जेवण पाठवणार असाल तर गावात शिजवून पाठवा, रानात चूल नको.