मदत हवी आहे: हॉटेलात गरम पाणी नाही, इटालियनमध्ये काय सांगू?

वैदेही_प्रवासात
लवकर सांगा कुणीतरी. नळाला गरम पाणी येत नाहीये. काउंटरवरच्या आजींना इंग्रजी अजिबात येत नाही. मी "हॉट वॉटर" म्हटलं की त्या "काल्दा, काल्दा" म्हणून हाताचे पंजे दाखवतात. म्हणजे थंडच पाणी येणार का? आई टॉवेल गुंडाळून बसली आहे.

भटकभवानी
इटलीत कुठे? मोठं हॉटेल की घरगुती?

मिलानकर
ताई, काल्दा म्हणजे गरम! नळावरचा सी म्हणजे काल्दो, एफ म्हणजे फ्रेद्दो, थंड. आपण सी पाहून थंड समजतो. एफ बंद करून सी सोडा.

वैदेही_प्रवासात
फ्लॉरेन्स, घरगुती. सी-एफ पहिल्याच दिवशी कळलं हो. आज आम्हा तिघांच्या आंघोळी गरम पाण्यानेच झाल्या. मला फक्त वाक्य द्या.

साठीची_सफर
"नोन चे आक्वा काल्दा", गरम पाणी नाहीये. "प्वो वेनीरे आ वेदेरे?", येऊन बघता का? आधी "स्कूझी" म्हणा, म्हणजे माफ करा. आणि शेवटी "ग्रात्सिये" विसरू नका, वयस्कर माणसांना बरं वाटतं.

ऑफलाइन_आनंद
पाठांतर कशाला? भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये मराठी आणि इटालियन दोन्ही डाउनलोड करून घ्या, मराठीत टाइप करा, झालं.

साठीची_सफर
आजींना चष्म्याशिवाय फोनवरचं दिसलं पाहिजे ना! मी वाक्यं मोठ्या अक्षरात वहीत लिहून नेली होती, दोन आठवडे त्यावर निभावलं.

रेल्वेप्रेमी
पुढे रेल्वेने फिरणार असाल तर एक लक्षात ठेवा: रीजनल, म्हणजे जवळपासच्या गावांना जाणाऱ्या गाडीचं कागदी तिकीट काढलं असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. नाहीतर दंड होतो.

भटकभवानी
तिघांच्या आंघोळी झाल्या हे आधी सांगायचं ना! घरगुती ठिकाणी बरेचदा खोलीपुरती छोटी टाकी असते. ती रिकामी झाली की पुन्हा तापायला वेळ लागतो. पंजे किती वेळा दाखवले?

वैदेही_प्रवासात
दोन्ही हात, तीन वेळा.

भटकभवानी
मग तीस मिनिटं! "त्रेन्ता मिनूती?" विचारून बघा.

मिलानकर
बरोबर. जाताना शहराचा कर वेगळा मागतील, "तास्सा दी सोज्जोर्नो". माणशी, रात्रीमागे असतो. बुकिंगच्या पैशांत बहुतेक धरलेला नसतो, तेव्हा थोडे सुटे युरो ठेवा.

जैन_थाळी
नाश्त्याला "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा वोवा" सांगा, मांस नको, अंडं नको. नुसतं शाकाहारी म्हटलं तर अंडं चालतं असंच धरतात.

वैदेही_प्रवासात
"त्रेन्ता" म्हटल्याबरोबर आजींनी होकारार्थी मान हलवली आणि माझा हात धरून भिंतीवरच्या टाकीचा लाल दिवा दाखवला. आत्ता आईची आंघोळ झाली. सगळ्यांचे खूप आभार. आता ती कुडकुडतेय आणि पांघरूण एकच आहे. अजून एक कसं मागू?

साठीची_सफर
"उनाल्त्रा कोपेर्ता, पेर फाव्होरे."