चौथीची मुलं ‘ही प्ले’ आणि ‘बॉईज प्लेज’ म्हणतात, काय करू?

चौथीच्या बाई
माण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पट १९. साधा वर्तमानकाळ घेऊन तीन आठवडे झाले. ही, शी, इट आले की क्रियापदाला एस, हा तक्ता सगळ्यांना पाठ आहे. काल एकीला विचारलं, आई सकाळी काय करते? रोज धार काढायला आईजवळ बसणारी मुलगी ती. म्हणाली, “माय मदर इज मिल्क द काऊ.” शेजारचा म्हणाला, “बॉईज प्लेज कबड्डी, ही प्ले क्रिकेट.” नेमकं उलटं! तक्ता येतो, वाक्य येत नाही. मला फार लागतं हे.

खडू-फळा
बाई, मुलं तर्कानेच चालली आहेत. ‘बॉईज’, ‘काऊज’मधला एस म्हणजे अनेक, हे आपणच शिकवलं. मग अनेक मुलं खेळतात तिथे ती क्रियापदालाही एस लावणारच. त्यात मराठीत मुलगा ‘मी खेळतो’ म्हणतो आणि ‘तो खेळतो’ही म्हणतो, क्रियापद तेच. शेवटी स येतो तो ‘तू’ला: खेळतोस, जातेस. मी फळ्यावर हेच मांडतो. मराठीचा स तूचा, इंग्रजीचा ही-शीचा. तक्त्याआधी हे सांगितलं की मुलं कान टवकारतात. ‘इज मिल्क’मधला इज बहुधा ‘काढते आहे’तल्या ‘आहे’वरून आलाय.
मी आणखी एक सांगतो: एस एकच, तो कर्त्याने घेतला की क्रियापदाला उरत नाही. बॉईज प्ले, बॉय प्लेज.

दुसरीची ताई
सर, ‘चिल्ड्रन प्ले’ला ही युक्ती अडते, तिथे एस कुणाकडेच नाही. मी तोंडी जोड्या घेते. एक मूल म्हणतं, “आय मिल्क द काऊ,” वर्ग म्हणतो, “शी मिल्क्स द काऊ.” फक्त अभिनय करून घेऊ नका. समोर धार काढायचा अभिनय चालू असेल तर बरोबर वाक्य ‘शी इज मिल्किंग’ होतं आणि मुलं गोंधळतात. ‘एव्हरी मॉर्निंग’ जोडूनच विचारा.
आणि मनाला लावून घेऊ नका. रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली इंग्रजी घरांतल्या तीन मुलांच्या बोलण्याचा अभ्यास मांडला, त्यातही ‘आयएनजी’ लवकर आलं, हा एस बराच उशिरा.

चौथीच्या बाई
आज परिपाठानंतर जोड्या घेतल्या. ‘खेळतोस’चा स सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एरवी गप्प असणारा मुलगा स्वतःहून ‘गातोस, पितोस’ म्हणत सुटला. धारवाली मुलगी म्हणाली, “माय मदर मिल्क्स टू काऊज एव्हरी मॉर्निंग.” मग तिनेच विचारलं, बाबापण काढतात, मग? वर्ग ओरडला, “दे मिल्क!”
‘ही डझन्ट गोज’ मात्र अजून तसंच आहे.

खडू-फळा
तिथे एस ‘डझ’ने आधीच घेतलेला असतो. उद्या तेवढंच घ्या.