रजिस्टर ‘सेव्ह’ करणं: जतन, अनामत की उसनं?

पाटीपेन्सिल: कंपायलरच्या चाचण्यांवरच्या एका टिपणाचं मराठी करायचं आहे. वाक्य असं: ‘ऑप्टिमायझरने रजिस्टरचा अनावश्यक सेव्ह आणि रिस्टोअर काढला की नाही, ते असेंब्लीत तपासा.’ (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली व्हॅल्यू ठेवायची छोटी जागा, ऑप्टिमायझर म्हणजे कोड आटोपशीर करणारा कंपायलरचा भाग, असेंब्ली म्हणजे त्यातून निघणाऱ्या मशीनच्या सूचना.) सेव्हला मी ‘जतन’ लिहिलं, तपासणाऱ्याने ते खोडलं. म्हणे, जतन फाइलचं होतं, इथे फंक्शन संपेपर्यंतचाच मामला. मग काय लिहावं? आणि ‘स्पिल’ला काय?

गवतीचहा: अनामत! लिनक्सवर ६४ बिटी एक्स८६ प्रोसेसरला आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ या रजिस्टरांतल्या व्हॅल्यू बोलावणाऱ्या फंक्शनच्या. बोलावलेल्या फंक्शनने ही रजिस्टरं खुशाल वापरावीत, पण परतताना आधी होतं तेच त्यांत हवं. ‘जतन’ आला ‘यत्न’वरून, त्यात सांभाळणं आहे, परत करणं नाही.

मोडीवाचक: ‘अनामत रजिस्टर’ म्हटलं की कचेरीतली वही आठवते, वाचक तिथेच अडखळेल. ‘उसनं’ घ्या. रजिस्टर उसनं घेतलं, काम झालं, परत केलं.

गवतीचहा: उसनी साखर वाटीभर परत येते, तीच साखर येत नाही.

मोडीवाचक: इथे तरी तीच कुठे येते? स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीवर, प्रत ठेवली, तिच्यावरून रजिस्टर पुन्हा भरलं. माप तेवढं चोख हवं.

रातपाळी: शब्द कोणताही घ्या, पण ‘पुश (स्टॅकवर ठेवणं) म्हणजे जतन’ हे समीकरण टिपणात जाऊ देऊ नका. क्लँग कंपायलरच्या असेंब्लीत हे क्रमाने नेहमी दिसतं: पुश आर१४, पुश आरबीएक्स, पुश आरएएक्स. यातला तिसरा कोणाचं काही राखत नाही. कॉल करताना स्टॅक १६ बाइटच्या पटीत लागतो. परतीच्या पत्त्याचे ८ आणि दोन पुशचे १६ मिळून २४ होतात, म्हणून आणखी ८ची भर. शेवटी आरएसपीत (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) ८ मिळवून पॉप (स्टॅकवरून परत उचलणं) फक्त दोनच येतात. कधी भरीचा पुश आरएएक्सचा आणि पॉप आरसीएक्सचा! ‘पुश आणि पॉप मोजा, जुळले तर पास’ अशी चाचणी बिनचूक कोडलाही नापास करते. तपासताना रजिस्टरचं नाव धरा.

ओवीकार: प्रोलॉग-एपिलॉगला (फंक्शनच्या सुरुवातीची राखण आणि शेवटची परतफेड) आपल्याकडे तयार शब्द आहेत: नांदी आणि भरतवाक्य. ‘आमुख’बिमुख कशाला?

रातपाळी: भरतवाक्य एकदाच होतं. फंक्शनला रिटर्नच्या तीन वाटा असतील तर एपिलॉगही तीन निघू शकतात. आणि श्रिंक-रॅपिंगमध्ये, म्हणजे सेव्ह लागेल त्याच वाटेवर करण्यात, नांदीच पुढे सरकते. समजा, पॉइंटर शून्य असेल तर फंक्शन लगेच परततं. त्या वाटेवर आरबीएक्स लागतच नाही, मग आधी ‘टेस्ट’ आणि ‘जेई’ (तपासणी आणि शून्य असल्यास उडी), पुश त्यानंतर. फाइलचेकमध्ये (आउटपुटमध्ये ठरलेल्या ओळी शोधणारं साधन) चेक-लेबलने फंक्शनचं नाव पकडा, खाली पुशसाठी चेक-नॉट (‘इथे हे नको’), आणि त्याच्याखाली ‘जेई’ची ओळ. ही शेवटची ओळ विसरलात तर मनाईची हद्द पुढच्या लेबलपर्यंत जाते आणि रीतसर आलेला पुशही चूक ठरतो. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरात नो-श्रिंक-रॅपचा पर्याय देऊन तीच फाइल पुन्हा चालवा. तेव्हा ही चाचणी नापास व्हायलाच हवी. दोन्हीकडे पास होत असेल तर ती काहीच तपासत नाही.

पाटीपेन्सिल: आणि स्पिल? ‘सांडणे’?

कोकणकडा: नको. सांडलेलं परत भरता येत नाही, स्पिल केलेलं पुन्हा आत आणायचं असतं. ‘बाहेर काढून ठेवणे’ लिहा. रजिस्टरं पुरेनात म्हणून स्वतःची व्हॅल्यू बाहेर ठेवली तर तो स्पिल. दुसऱ्याची राखली तर सेव्ह.

रातपाळी: हा भेद एलएलव्हीएमच (क्लँगच्या मागची कंपायलर यंत्रणा) स्वतः पाळत नाही. आर्म ६४ प्रोसेसरला एक्स२९ आणि एक्स३० ‘एसटीपी’ या सूचनेने स्टॅकवर ठेवले, ही फंक्शनांमधल्या करारातली राखण, तरी शेजारच्या कॉमेंटमध्ये ‘१६-बाइट फोल्डेड स्पिल’. कॉमेंट शोधून स्पिल मोजणाऱ्या चाचणीत दोन्ही एकत्र होतात.

गवतीचहा: म्हणजे कंपायलरने घोळ घातला म्हणून मराठीनेही घालायचा?

मोडीवाचक: मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत ‘व्होलाटाइल’ आणि ‘नॉनव्होलाटाइल’ (कॉलनंतर बदलू शकणारं आणि न बदलणारं रजिस्टर) अशी जोडी आहे. ‘नाशवंत’ आणि ‘टिकाऊ’ म्हटलं तर सेव्हचा प्रश्नच मिटतो.

कोकणकडा: मिटत नाही. आरडीआय आणि आरएसआय विंडोजवर टिकाऊ, लिनक्सवर नाशवंत. शिवाय जीसीसी ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीला बोलावलेल्या फंक्शनचं कोड समोर असेल आणि ते आर८ला हात लावत नसेल, तर ‘नाशवंत’ आर८ही न राखता तसाच वापरतं.

रातपाळी: म्हणूनच नुसती असेंब्ली वाचून भागत नाही, चालवूनही बघा. गवतीचहाने सांगितलेल्या सहा रजिस्टरांत सहा वेगळे आकडे भरा, फंक्शन बोलवा, परतल्यावर ताडून पहा. हे हातच्या असेंब्लीतच लिहा. बोलावणारा सीमध्ये असला तर तो आरबीएक्स वापरेलच असं नाही, आणि मग राहिलेला रिस्टोअर कळतच नाही. भरण्याआधी त्या सहांतलं मूळचं स्वतः राखायला विसरू नका. शून्य पॉइंटर आणि खरा पॉइंटर, दोन्ही देऊन चालवा. पॉप राहतो तो बहुधा एकाच वाटेवर.

ओवीकार: ‘रजिस्टरं’ की ‘रजिस्टर्स’? वर दोघांनी ‘रजिस्टरं’ लिहिलंय.