शब्दचर्चा: हरसिद्धीची दीपमाळ की दीपस्तंभ?

इंदूरहून

नवरात्रात आमच्या मंडळाची उज्जैनच्या हरसिद्धी देवीला फेरी असते. यंदा पत्रिका लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, “तिन्हीसांजेला हरसिद्धीच्या दीपमाळा उजळताना पाहून मग परतीचा प्रवास.” तपासणाऱ्या भाऊंनी दीपमाळा खोडून दीपस्तंभ केलं. त्यांचं म्हणणं असं, की उज्जैनमध्ये सगळे दीपस्तंभच म्हणतात, आणि दीपमाला म्हणजे दिवाळीतली दिव्यांची रांग. माझी सून पुण्याची. ती म्हणाली, “आई, दीपस्तंभ तर समुद्रावर असतो.”

मला मात्र दीपमाळ हा शब्द सोडवत नाही. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. शिप्रेच्या रामघाटापासून मंदिर चालत जाण्याइतकं जवळ. आवारात शिरलं की समोर दोन दगडी मनोरे, खाली रुंद, वर निमुळते. सर्वांगाला दगडी हात फुटलेले, आणि एकेका हातावर एक दिवा. दोन्ही मिळून हजारावर दिवे. वर्षानुवर्षांच्या तेलानं दगड काळाभोर, तुकतुकीत झालाय. अंधारू लागलं की माणसं त्याच हातांवर पाय देत चढतात, सरकी काढलेल्या कापसाच्या वाती आणि तेल घेऊन. खालून बघताना आपलेच तळपाय शिवशिवतात. चढणारा मात्र घरच्या जिन्यावर असावा तसा.

तर, शब्द कोणता खरा?

ग्वाल्हेरहून

ताई, तुमचा शब्द पक्का आहे. संस्कृत माला मराठीत आली की माळ होते, शेवटचा आ गळतो आणि ल चा ळ होतो. पण अर्थही पुढे सरकला. हिंदीत दीपमाला म्हणजे दिव्यांची ओळ, एवढंच राहिलं. मराठीत ती ओळ दगडावर चढली आणि दीपमाळ हे बांधकामाचंच नाव झालं. जेजुरीचा गड चढताना दुतर्फा दिसतात त्या दीपमाळा. कितीतरी नवस फेडायला बांधलेल्या. तिथे कोणी स्तंभ म्हणत नाही.

उज्जैनची वास्तू मराठेशाहीतली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी मुक्काम इकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात हलवला, तोवर शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. ही रचना आपली, तर तिचं आपलं नावही तिच्याबरोबर राहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. नवरात्राचे दिवस आपण माळांनी मोजतो. “आज पाचवी माळ” म्हटलं की घटावर पाचवी माळ चढली. त्या नऊ रात्री देवीच्या दारात दीपमाळ उजळते, तेव्हा दोन्ही माळा एकाच वाक्यात येतात. हे स्तंभात कुठून यायचं?

बेळगावहून

काका, एक दुरुस्ती सुचवू का? दीपस्तंभ हा शब्द हिंदीतून घुसलेला नाही. आमच्याकडे कन्नडमध्ये देवळापुढच्या दिव्यांच्या खांबाला दीपस्तंभच म्हणतात. जुना संस्कृत शब्द आहे तो. समुद्रावरचा अर्थ नंतर चिकटला, आणि त्यासाठी मराठीत दीपगृहही आहे. म्हणून उज्जैनकरांना चूक म्हणता येणार नाही.

मला स्वतःला तिसराच शब्द आवडतो, दीपवृक्ष. रामायणात, अयोध्याकांडात, रामाच्या अभिषेकाच्या तयारीत रात्र होईल म्हणून लोकांनी रस्तोरस्ती दीपवृक्ष उभे केले, असं वर्णन आहे. ताईंनी हात फुटलेत असं लिहिलं ना, तेव्हा तोच डोळ्यांपुढे आला.

इंदूरहून

दीपवृक्ष फार सुंदर. त्या दोन्हींत एक थोडी मोठी, एक लहान आहे. तिथले लोक त्यांना शिव आणि शक्ती मानतात. मग मनात आलं, दीपस्तंभ पुल्लिंगी, दीपमाळ स्त्रीलिंगी. मराठीत आपण दोघींनाही “ती” म्हणतो.

नावाचा विषय निघालाच आहे तर देवीचंही सांगते. स्कंदपुराणातल्या अवंतीखंडात कथा आहे. कैलासावर शिवपार्वती सारीपाट खेळत होते. चंड आणि प्रचंड हे दैत्य आत घुसू लागले, नंदीनं अडवलं तर त्यालाच घायाळ केलं. शंकरानं देवीचं स्मरण केलं, तिनं दोघांना मारलं. हराचं काम सिद्धीला नेलं, म्हणून हरसिद्धी. लोकांच्या तोंडी मात्र विक्रमादित्याचीच कथा जास्त. तो आपलं शिर कापून वाहायचा आणि ते पुन्हा उगवायचं. अकरा वेळा उगवलं, बाराव्या वेळी नाही. मंदिरात शेंदूर माखलेली शिरं आहेत, ती त्याचीच असं सांगतात. सतीचं कोपर इथे पडलं म्हणून हे शक्तिपीठही.

बडोद्याहून

अगं, मग आमच्या हरसिद्धीला विसरू नकोस! पोरबंदरहून द्वारकेकडे जाताना मियाणीजवळ कोयला डुंगर आहे, खाली समुद्र. देवीचं जुनं देऊळ डोंगरमाथ्यावर. तिथून तिची नजर पडली की जहाजं बुडत, म्हणून जगडूशा व्यापाऱ्यानं विनवणी करून तिला पायथ्याशी आणलं, अशी कथा. विक्रमानं तिला उज्जैनला येण्याची गळ घातली. तेव्हापासून देवी दिवसा गुजरातेत आणि रात्री उज्जैनला असते, असं इकडे लहान मुलालाही ठाऊक आहे.

आता तुझ्या सूनबाईंना सांग. समुद्रावरच्या दिव्याला आम्ही गुजरातीत दीवादांडी म्हणतो. समुद्रकाठची देवी रोज अंधार पडता पडता तुमच्याकडे यायला निघते, आणि तुम्ही तिच्या दारात उंच दिवे लावता. त्या दीपमाळेला दीवादांडी म्हटलं तर काय बिघडलं?

इंदूरहून

बडोद्याच्या ताई, हे वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. माझी आजी आम्हाला तिथे न्यायची तेव्हा म्हणायची, “बाई आत्ता वाटेत असेल गं, लवकर लावा रे दिवे.” ही बाई कोण आणि कुठून येणार, हे मी कधी विचारलंच नाही. आज कळलं.

सूनबाईंना वाचून दाखवलं. तिनं स्वतःच पत्रिकेतला दीपस्तंभ खोडला आणि दीपमाळ लिहिलं. भाऊंना मी उद्या फोन करते. क्रियापद मात्र राहिलं. मी “उजळताना” लिहिलंय, आजी “दीपमाळ पाजळणं” म्हणायची, त्रिपुर पाजळतात तसं. तुमच्याकडे काय म्हणतात?

ग्वाल्हेरहून

पाजळणंच. बदलू नका.