जुनी विंडोज बसवून दिली, मग ड्रायव्हर कुणी शोधायचे? दुकानदारानं की गिऱ्हाइकानं?

हळदपेठ_सांगली
मंडळी, आधी घडलं ते सांगतो मग माझं मत. आमच्या अडत दुकानाचं बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालेना, त्याचं लायसन्सचं यूएसबी डोंगल लावलं तरी ओळखेना, म्हणून मेहुण्यानं नवाकोरा लॅपटॉप सांगलीतल्याच एका दुकानात दिला आणि विंडोज १० टाकून घेतली. संध्याकाळी लॅपटॉप हातात, पैसे रोख दिले. घरी येऊन बघतोय तर वायफायचं चिन्हच गायब, टचपॅड हलत नाही, आवाज नाही, डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली हार्डवेअरची यादी, उघडला तर पिवळ्या त्रिकोणांची रांग. फोन केल्यावर उत्तर काय, तर कंपनीच्या साईटवरनं ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचा एकेक भाग विंडोजला चालवता यावा यासाठीचं छोटं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. अहो पण वायफायच नाही, लॅनचं पोर्ट हल्लीच्या पातळ लॅपटॉपला नसतंच, मग उतरवायचं कशावर? आणि साईटवर त्या मॉडेलला नुसते ११ चेच ड्रायव्हर, १० चा पर्यायच दाखवत नाही.
माझं स्पष्ट मत आहे, ज्यानं फॉरमॅट मारला त्याचीच ड्रायव्हरची जबाबदारी. चालू विंडोजमधले सगळे ड्रायव्हर विंडोजमधल्याच पीएनपीयुटिल या टूलच्या एक्सपोर्ट कमांडनं पेन ड्राइव्हवर काढून ठेवता येतात, डिसम या दुसऱ्या टूलनं पण होतं, काही मिनिटांचं काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. इथं तर सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे कप्पे, उडवली, कंपनीनं दिलेलं रिकव्हरीचं पार्टिशन सुद्धा. म्हणजे परत ११ वर जायचा सोपा रस्ताही बंद. याला काम पूर्ण झालं म्हणत नाहीत.

पोवईनाका_रिपेअर
दादा तुमचा त्रास खरा आहे पण सगळं दुकानदाराच्या डोक्यावर टाकू नका. मी साताऱ्यात हेच काम करतो. गिऱ्हाईक येतं, घाईत असतं, "फक्त विंडोज १० मारून द्या, तासाभरात येतो" म्हणतं. त्यातून अकराव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर असला तर बऱ्याच मॉडेलमध्ये १० चा पेन ड्राइव्ह लावला की एसएसडीच दिसत नाही, कारण बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी हे इंटेलचं डिस्क सांभाळणारं फीचर चालू असतं, मग त्यासाठीचा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर वेगळा सोडवून (एक्सट्रॅक्ट करून) घ्यायचा, इन्स्टॉल करताना लोड ड्रायव्हरमधनं द्यायचा, तेव्हा कुठं डिस्क दिसते. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याला फक्त निळी खिडकी दिसते.
आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे. नव्या मशीनवर १० टाकायचीच कशाला? तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण न केलेल्यांना तेही नाहीत. तुमच्या अडतीचा बँकेचा व्यवहार त्याच लॅपटॉपवर होत असणार ना? मी गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो, तरी ऐकलं नाही तर पुढची जबाबदारी त्याची, असं माझं मत.

हळदपेठ_सांगली
नको म्हणून सांगितलं असतं तर मेहुण्यानं निदान विचार तरी केला असता. कुणी काही बोललंच नाही. माहितगार माणसानं गप्प बसून पैसे घ्यायचे आणि नंतर म्हणायचं गिऱ्हाइकानं मागितलं होतं, हे मला पटत नाही. गिऱ्हाइकाला व्हीएमडी काय माहीत असणार?

विश्रामबागकर
भांडण नंतर करा, आधी लॅपटॉप चालू करा. अँड्रॉइड मोबाईल केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोज १० मध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासून असतो, नेट लगेच येतं. मग विंडोज अपडेटमध्ये जाऊन ऐच्छिक अपडेट बघा, तिथं ड्रायव्हरचा वेगळा भाग असतो, निम्मं काम तिथंच होतं.
राहिलेल्याला डिव्हाइस मॅनेजरमध्ये राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. त्यातला व्हेंडर कोड, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा नंबर, बघायचा. ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी क्वालकॉम अ‍ॅथेरॉस, १००२ एएमडी. अख्खा आयडी कॉपी करून मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये टाका, झिपसारखी कॅब फाईल मिळते, ती सोडवून डिव्हाइस मॅनेजरला ते फोल्डर दाखवायचं. "पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर" असं काही दिसलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन असतं. टचपॅडसाठी टचपॅडचा ड्रायव्हर शोधत बसू नका, आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) आणि इंटेल सीरियल आयओचा ड्रायव्हर टाका, टचपॅड ज्याला जोडलेला असतो त्या आयटूसी कंट्रोलरशिवाय विंडोजला टचपॅड आहे हेच कळत नाही. आवाजाचंही तसंच, बऱ्याच मशीनवर आधी इंटेल स्मार्ट साऊंड, मग रिअलटेक. क्रम चुकला की ड्रायव्हर बरोबर असून पण काही होत नाही आणि माणूस म्हणतो लॅपटॉपच खराब आहे.
आणि ते साईटवरचे ११ चे ड्रायव्हर आहेत ना, ते टाकून बघा. दोन्ही विंडोजचा गाभा जवळजवळ एकच, बहुतेक ड्रायव्हर दोन्हीकडं चालतात. काही ड्रायव्हरच्या आयएनएफ या माहितीच्या फाईलमध्ये किमान बिल्ड २२०००, म्हणजे विंडोज ११, लिहिलेलं असतं तेवढेच नाकारतात.

मिरज_जंक्शन
एवढा खटाटोप कशाला राव. फुकट ड्रायव्हर अपडेटर मिळतात, एक बटण दाबलं की सगळे ड्रायव्हर आपोआप. मी सगळ्यांना तेच टाकून देतो.

पोवईनाका_रिपेअर
मिरजकर, हे मात्र करू नका, आणि दुसऱ्याला तर अजिबात देऊ नका. यातली कितीतरी सॉफ्टवेअर सोबत ब्राउझरचे टूलबार, भलतेच अँटिव्हायरस घेऊन येतात, निम्मे ड्रायव्हर दाखवून बाकीच्यासाठी पैसे मागतात. नेमका आयडी जुळला नाही तरी जवळपासचा ड्रायव्हर चिकटवतात आणि मग निळा स्क्रीन. ज्या मशीनवर लोकांचे हिशोब आहेत तिथं असलं काही शिरू द्यायचं नाही, या बाबतीत मी कुणाचंच ऐकणार नाही.

मिरज_जंक्शन
माझ्याकडं आलेल्या कुणाची तक्रार नाही. ज्याला आयडी-बियडी कळत नाही त्यानं काय करायचं मग? सगळे काय वालचंदला शिकलेले नाहीत.

विश्रामबागकर
आयडी कॉपी-पेस्ट करायला कुठल्या कॉलेजची गरज नाही हो. मोबाईलवर रिचार्ज करणाऱ्या माणसाला हे जमतं, कुणीतरी एकदा बसून दाखवायला पाहिजे फक्त.

कराड_पत्रिका
माझं वेगळंच दुखणं आहे. लग्नपत्रिकांचं डीटीपी (कॉम्प्युटरवरची पानमांडणी), त्याचं पेजमेकर सॉफ्टवेअर, जुने मराठी फाँट, सगळं विंडोज ७ वर बसलेलं. जुना पीसी गेला म्हणून नव्या लॅपटॉपवर ७ टाकायला गेलो तर इन्स्टॉलच्या पहिल्याच पानावर कीबोर्ड, माऊस बंद! हळदपेठवाल्या दादांचं मला पटतं, सीझन तोंडावर आहे आणि आम्हाला कुणी सरळ सांगत नाही की हे होणारच नाही.

माहुली_संगम
कराडकर, ते होणारच नाही, मी सरळ सांगतो. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही आणि इंटेलच्या सहाव्या पिढीपासून चिपसेटमधला जुना यूएसबी २ चा कंट्रोलर काढला, म्हणून कीबोर्ड मरतो. एनव्हीएमई डिस्कसाठी (नव्या प्रकारच्या वेगवान एसएसडीसाठी) वेगळा हॉटफिक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टची दुरुस्तीची फाईल, आत घालावा लागतो. एवढं करून आत गेलात तरी नव्या ग्राफिक्सचा आणि वायफायचा ७ साठी ड्रायव्हर कुणी बनवलेलाच नाही, शोधून मिळणार कुठनं? सपोर्ट तर १४ जानेवारी २०२० लाच संपलाय.
माझं मत या धाग्यातल्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. लॅपटॉपची विंडोज खाली आणूच नका, ना ७ ना १०. आहे ती ११ राहू द्या आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जुनी विंडोज टाका. आतल्या विंडोजला खरं हार्डवेअर दिसतच नाही, त्यामुळं ड्रायव्हरचा प्रश्न येत नाही, आणि यूएसबी डोंगल आत जोडून देता येतं. आतल्या विंडोजचं नेट बंद ठेवा, पेजमेकर आणि बिलिंग तिथं, बँक बाहेर.

हळदपेठ_सांगली
कराडकरांना हे चालेल. आमच्याकडं दुकानात दिवाणजी आहेत, साठी उलटलेले, त्यांना विंडोजच्या आत दुसरी विंडोज समजावून सांगायची म्हणजे रोज सकाळी सौद्याच्या वेळी फोन येणार. त्यांच्यासाठी १० च बरी. प्रत्येकाची गरज वेगळी असते, म्हणूनच म्हणतोय की मशीन ताब्यात घेणाऱ्यानं चार गोष्टी विचारायला पाहिजेत.
बाकी विश्रामबागकर, टेदरिंगनं नेट आलं, अपडेटमधनं ग्राफिक्स बसलं. सीरियल आयओ टाकल्यावर टचपॅड पण चालू झाला. लई उपकार. वायफाय १४सी३ निघालं, ११ चाच ड्रायव्हर १० नं घेतला.

पोवईनाका_रिपेअर
चांगलं झालं. आता तेवढंच पीएनपीयुटिल चालवून हे सगळे ड्रायव्हर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. आणि दादा, तुमचा एक मुद्दा मला मान्य आहे, पार्टिशन उडवायच्या आधी विचारायला पाहिजे होतं. पण ड्रायव्हर शोधून बसवण्याचे वेगळे पैसे द्यायची तयारी गिऱ्हाइकानं पण ठेवावी, कधीकधी त्यात अख्खी दुपार जाते.

हळदपेठ_सांगली
वेगळे पैसे आनंदानं देऊ की, फक्त आधी सांगा. पावतीवर लिहा, विंडोज एवढे, ड्रायव्हर एवढे. मग कुणाची कटकट राहणार नाही. अजून फिंगरप्रिंट तेवढं बाकी आहे, अननोन डिव्हाइस दाखवतंय, आयडीमध्ये २७सी६ आहे.

विश्रामबागकर
२७सी६ म्हणजे गुडिक्स कंपनी. याचा ड्रायव्हर मात्र मॉडेलनुसार बदलतो, नुसतं नाव बघून कुठलाही टाकू नका. अख्खी ओळ इथं चिकटवा, रात्री बघून सांगतो.